हंगेरीच्या जुन्या करवह्यांमधून ज्यू पूर्वजांचा माग: नवख्यांसाठी

हंगेरीतल्या ज्यू घराण्याची वंशावळ मागे न्यायला लागलं, की बहुतेकांचा शोध १८५० च्या आसपास अडतो. ज्यू समाजाच्या जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदवह्या बहुतेक गावांत १८५१ पासूनच सलग मिळतात. त्याआधीच्या वह्या असल्या तर नशीब. पण सरकारला माणूस कधी जन्मला याची फिकीर नसली, तरी त्याच्याकडे घर आहे का, गायी किती, दुकान चालतं का, याची फिकीर पक्की होती. म्हणून १८५० च्या अलीकडे रब्बीची (ज्यू धर्मगुरूची) वही वापरायची आणि पलीकडे कर गोळा करणाऱ्याची.

इस्रायलमध्ये किंवा अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी काहींची सोयरीक अशा घरांशी झालेली असते आणि 'सासरचं मूळ शोधून दे' ही मागणी येते. त्यांच्यासाठी आणि निव्वळ हौसेने या वाटेला लागलेल्यांसाठी ही पहिली पावलं. हंगेरियन यायला हवं असं नाही. लॅटिनचे वीस-पंचवीस शब्द मात्र पाठ करावे लागतील.

आधी गाव, मग नाव

बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंच्या, आडनावांची सवय असलेल्या माणसाला इथे पहिला धक्का बसतो. पेणकर म्हटलं की पेण, रोहेकर म्हटलं की रोहे. हंगेरीत वाइस, श्वार्त्स, क्लाइन, ग्रोस, कोहन ही आडनावं गावोगाव सांडलेली आहेत आणि त्यांतून गावाचा पत्ता लागत नाही. याचं कारण दुसऱ्या योसेफ बादशहाच्या १७८७ च्या हुकुमात आहे: प्रत्येक ज्यू कुटुंबाने १ जानेवारी १७८८ पासून कायमचं जर्मन आडनाव धारण करावं. त्याआधी 'मोशे, याकोबचा' अशा पद्धतीनेच काम चालायचं. एकाच वाइस आडनावाची दहा घराणी एकमेकांची कुणीच नसू शकतात. सख्ख्या भावांनी वेगवेगळी आडनावं घेतल्याचीही उदाहरणं आहेत.

काही आडनावं गाव सांगतात, पण ते आधी सोडून आलेलं गाव असतं. बॉस्कोविट्स म्हणजे मोराव्हियातल्या (आजच्या चेक देशातल्या) बॉस्कोवित्सेहून आलेला, पोलाक म्हणजे पोलंडकडचा. मोराव्हियात १७२६ च्या कायद्याने ज्यू कुटुंबांची संख्याच गोठवून टाकली होती. घरातल्या एकाच मुलाला, सहसा थोरल्याला, लग्नाची परवानगी. मग धाकटे सीमा ओलांडून हंगेरीच्या वायव्य भागात शिरले. ईशान्येकडे लोंढा आला तो गॅलिशियातून, म्हणजे आजच्या दक्षिण पोलंड-पश्चिम युक्रेनच्या पट्ट्यातून. तुमचं घराणं कोणत्या बाजूचं, याचा पहिला अंदाज इथूनच येतो.

तेव्हा थेट करवहीवर झेप घेऊ नका. घरातून सुरुवात करा: थडग्यावरचा हिब्रू मजकूर (त्यात वडिलांचं नाव असतंच), जहाजाची प्रवासी यादी, नागरिकत्वाचे कागद, याद वाशेममध्ये (जेरुसलेममधल्या होलोकॉस्ट स्मारक-संस्थेत) नातेवाइकांनी भरून दिलेली साक्षपत्रं. १ ऑक्टोबर १८९५ पासून हंगेरीत सरकारी नोंदणी सुरू झाली. त्यानंतर झालेल्या लग्नाची नोंद हाती लागली, तर वधू-वरांचं जन्मगाव आणि दोघांचे आईवडील एकाच पानावर मिळतात. एखाद्या थोरल्या भावंडाचं लग्न १८९६ ला झालं असेल, तर ती नोंद सोन्याची.

गावाचं नाव मिळालं तरी काम संपत नाही. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० च्या त्रिआनों तहाने, जुन्या हंगेरीचा मोठा भाग शेजाऱ्यांकडे गेला. पोझोन आज स्लोव्हाकियात ब्रातिस्लाव्हा आहे, कॉशॉ हे कोशित्से. नॉद्यवारॉद रोमानियात ओरादेआ झालं, मुंकाच युक्रेनमध्ये मुकाचेवो, सॉबॉत्कॉ सर्बियात सुबोतित्सा. शिवाय एकाच नावाची अनेक गावं. केरेस्तूर नावाने शोधलंत तर डोकं धरून बसाल. प्रत्येक गावाला स्वतंत्र नाव हवं, असा कायदा १८९८ मध्ये झाला आणि त्यानंतर नावांना उपसर्ग चिकटले. जुन्या वहीत मात्र मोघम नावच भेटणार. म्हणून गावाबरोबर काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग, लिहून ठेवायचीच. हंगेरियनमध्ये तिला 'मेद्ये' म्हणतात. सगळी दप्तरं काउंटीवार लावलेली आहेत, तिच्यावाचून पाऊल पुढे पडत नाही. ज्यूइशजेन या ज्यू वंशावळींच्या संकेतस्थळावरच्या गावकोशात जुनं-नवं नाव आणि काउंटी एकत्र मिळते.

कोणती वही कोणत्या काळाची

सगळ्यात उपयोगी वही १८२८ ची. १८२५-२७ च्या विधिमंडळानंतर देशभर करमोजणी झाली. हेतू एवढाच, की कोणत्या काउंटीवर किती करभार टाकायचा ते ठरावं. ट्रान्सिल्व्हेनियाचा कारभार तेव्हा वेगळा होता, म्हणून तो भाग यात नाही. या मोजणीची देशपातळीवरची प्रत बुडापेस्टच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे, त्यामुळे गाव आज स्लोव्हाकियात असलं तरी १८२८ चं पान बुडापेस्टमध्ये असतं. उलट काउंटीने स्वतःसाठी केलेल्या याद्या त्या-त्या मुख्य ठाण्यात राहिल्या आणि सीमा सरकल्यावर त्या-त्या देशाच्या झाल्या. हा फरक आधी समजला नाही तर पत्रं चुकीच्या देशात जातात.

१८२८ च्या मागे जायचं तर १७१५ आणि १७२० च्या देशव्यापी मोजण्या आहेत. हाब्सबुर्ग राजवटीविरुद्धचं राकोत्सीचं बंड १७११ ला शमल्यावर त्या झाल्या. हुंगारिकाना संकेतस्थळावर त्या शोधता येतात, पण तेव्हा ज्यू थोडे आणि आडनावं नाहीत. नवख्याने तिकडे वेळ घालवू नये, असं माझं मत.

मधल्या काळासाठी असतो सहिष्णुता कर. राणी मारिया तेरेसाने १७४० च्या दशकात तो बसवला: देशात राहू देतो, त्याचे पैसे द्या. ज्यू लोक त्याला 'मालकेगेल्ड', म्हणजे राणीचे पैसे, म्हणत. १७४९ मध्ये सगळ्या हंगेरीतल्या ज्यूंवर मिळून वर्षाला २०,००० गुल्डेन होते, १७७८ मध्ये ८०,००० आणि १८१३ मध्ये १,६०,०००. कर १८४६ मध्ये उठला, तोही एक मोठी रक्कम भरून घेतल्यावरच. ही रक्कम काउंट्यांवर वाटली जायची आणि वसुलीसाठी घरोघरच्या याद्या व्हायच्या. या याद्या फक्त ज्यूंच्या असल्याने पान उघडलं की कामाचंच असतं. पण त्या विखुरलेल्या आहेत, कुठे सलग तर कुठे एकच वर्ष.

१८४८ ची ज्यू गणना करवही नव्हे, पण तिला वगळून चालणार नाही. काही काउंट्यांचीच शिल्लक आहे. जिथे आहे तिथे घरातल्या प्रत्येकाचं नाव, वय, जन्मगाव आणि व्यवसाय मिळतो. १८२८ च्या वहीत फक्त कर्त्याचं नाव असतं, या गणनेत बायको-मुलं दिसतात. दोन्ही शेजारी-शेजारी ठेवून वाचायची असतात. १८६९ ची जनगणना आज स्लोव्हाकियात असलेल्या काही काउंट्यांसाठी, उदाहरणार्थ झेंप्लेन, चांगली टिकली आहे.

बघायचं कुठे

ज्यूइशजेनवर मोफत खातं उघडा आणि हंगेरीच्या एकत्रित संग्रहात शोधा. १८२८ च्या करमोजणीतल्या बऱ्याच ज्यू नोंदी आणि १८४८ ची गणना स्वयंसेवकांनी तिथे उतरवून ठेवली आहे. शोधताना 'तंतोतंत' हा पर्याय निवडू नका, उच्चारसाम्याचा निवडा. त्यामागची पद्धत रँडी डाइच आणि गॅरी मोकोटॉफ यांनी १९८५ मध्ये पूर्व युरोपातल्या ज्यू आडनावांसाठीच बसवली. ती इथे फार कामाला येते, कारण कारकून ऐकेल तसं लिहायचा. हंगेरियनमध्ये नुसतं एस म्हणजे 'श' आणि एस-झेड म्हणजे 'स'. एकाच घराचं वाइस कधी डब्ल्यूने, कधी व्हीने, शेवटी कधी दोन एस, कधी एस-झेड.

सूचीत नाव सापडलं म्हणून थांबू नका, मूळ पानाची प्रतिमा बघा. फॅमिलीसर्च या मोफत वंशावळ-संकेतस्थळावर या वह्यांच्या मायक्रोफिल्म फिती काउंटी आणि गावाच्या क्रमाने लावलेल्या आहेत. काही घरबसल्या उघडतात, काही फक्त त्यांच्या केंद्रातल्या किंवा संलग्न ग्रंथालयातल्या संगणकावर. सूचीत एकच ओळ असते, पानावर अख्खं गाव असतं. सगळी मजा त्या गावात आहे.

पान वाचायला शिकताना

१८२८ चं पान म्हणजे मोठा आडवा तक्ता, डाव्या कडेला नावं आणि पुढे आकड्यांचे रकाने. भाषा लॅटिन, कारण हंगेरियन राजभाषा झाली ती १८४४ मध्ये. रकान्यांचं डोकं दर पानावर पुन्हा लिहिलेलं असेलच असं नाही. म्हणून गावाच्या पहिल्या पानावर जाऊन ते एकदा उतरवून घ्या.

नावाजवळ 'युदेउस' किंवा त्याचं संक्षिप्त रूप दिसलं, की तो ज्यू. पुष्कळदा गावाच्या यादीच्या शेवटी सगळे ज्यू 'युदेई' या शीर्षकाखाली एकत्र येतात, तेव्हा शेवटून वाचायला सुरुवात करणं शहाणपणाचं. पण शेवट वाचून वही मिटूही नका, एखादं घर मधल्या ओळींत लपलेलं असतं.

मग माणसाचा दर्जा. 'कोलोनुस' म्हणजे जमीनदाराची जमीन कसणारं कूळ. 'इंक्विलिनुस' म्हणजे घर आहे, शेतजमिनीचा हिस्सा नाही. 'सुब्इंक्विलिनुस' म्हणजे घरही नाही, दुसऱ्याच्या घरात बिऱ्हाड. ज्यू बहुधा शेवटच्या दोहोंत सापडतात. पुढे घरातले प्रौढ भाऊ, मुलगे, मुली, गडी, मोलकरणी यांचे नुसते आकडे. आणि हे आकडे १८ ते ६० वयाच्या माणसांचेच. नवख्यांची सगळ्यात मोठी फसगत इथे होते. 'मुलगे' रकान्यात शून्य दिसलं, म्हणून मूल नव्हतं असं समजतात. घरात सहा पोरं असतील, सगळी अठराच्या आतली. साठी ओलांडलेला आजोबाही मोजणीत येत नाही, जिवंत असला तरी.

त्यानंतर मालमत्ता: घरं, शेत, कुरण, द्राक्षमळा, बैल, गायी, घोडे, मेंढ्या, डुकरं. शेत मोजलंय ते पोझोनच्या मापाने, म्हणजे किती माप बी पेरलं जातं त्यावरून. कोकणात खंडी-मणाच्या बियाण्यावरून जमीन सांगत, तोच हिशेब. कुरणाचं एकक म्हणजे एका माणसाची दिवसभराची गवतकापणी, द्राक्षमळ्याचं एका माणसाची दिवसभराची खुरपणी. त्यामुळे हे आकडे एकरात बदलायच्या नादी लागू नका. त्याच गावातल्या इतर घरांशी तुलना करा, तेवढं पुरतं.

ज्यू घरासमोर शेताचा रकाना बहुधा रिकामा असतो. त्यावरून गरिबीचा निष्कर्ष काढू नका. जमीन विकत घेण्याचा हक्क ज्यूंना तेव्हा नव्हता, तो १८६० मध्ये मिळाला. पैसा असायचा तो मक्त्यात आणि व्यापारात. 'अरेंदातोर' हा शब्द शोधा. हा इजारदार: जमीनदाराकडून दारूचा गुत्ता, भट्टी, खाटीकखाना मक्त्याने घेणारा. 'एदुचिल्लातोर' म्हणजे गुत्ता चालवणारा, 'क्वेस्तोर' आणि 'मेर्कातोर' व्यापारी, 'सार्तोर' शिंपी, 'लानिओ' खाटीक, 'व्हित्रिआरिउस' काचा बसवणारा. एक गडी, एक मोलकरीण, दोन घोडे आणि शेत शून्य, असं दिसलं तर तो बऱ्यापैकी चाललेला मक्तेदार समजावा. त्याच सुमाराची सहिष्णुता कराची यादी मिळाली तर ताडून बघा, खरी ऐपत तिथे कळते.

'व्हिदुआ' म्हणजे विधवा. कर्त्याच्या जागी ती असेल, तर नवरा १८२८ पूर्वी वारला. ही मृत्यूची नोंदच झाली, फक्त तारीख नसलेली.

नावांचं एक वेगळंच प्रकरण. त्स्वी हे हिब्रू नाव रोजच्या वापरात हिर्श, सरकारी कागदात पुढे हेर्मान. येहुदाचा लेब, त्याचा लिपोत किंवा लिओपोल्ड. झेएवचा वोल्फ, त्याचा हंगेरियन फॉर्कॉश, म्हणजे लांडगाच. आश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यू, घरांत जिवंत आजोबांचं नाव नातवाला ठेवत नाहीत. १८३२ मध्ये जन्मलेल्या नातवाचं नाव हिर्श असेल, तर हिर्श आजोबा बहुधा त्याआधी गेले. हा रिवाज आहे, कायदा नव्हे. पण १८२८ च्या पानाशी तो जोडला की नेमकी फट बुजते.

एक उदाहरण

हे घराणं काल्पनिक, पद्धत खरी. न्यूयॉर्कच्या थडग्यावर 'मोशे, त्स्वीचा मुलगा', कागदावर मॉरिस वाइस, जन्म १८६२ चा. जहाजाच्या यादीत गाव नॉद्यमिहाय, काउंटी झेंप्लेन, आजचं स्लोव्हाकियातलं मिखालोव्त्से. नोंदवहीत जन्म सापडला: मोर, वडील हेर्मान. हेर्मान म्हणजे त्स्वी, थडग्याशी जुळलं. १८६९ च्या जनगणनेत हेर्मान त्याच गावात, जन्म १८२४, पण जन्मगाव नॉद्यमिहाय नव्हे, जवळचं स्तारा. इथे घाई करणारा माणूस नॉद्यमिहायच्या १८२८ च्या पानावरचा पहिला वाइस उचलून झाडाला टांगतो आणि घराणंच बदलतं.

तुम्ही स्तारा उघडता. तिथे वाइस एकच: लेबल, इंक्विलिनुस, घर एक, मोलकरीण एक, गायी दोन, गुत्त्याचा मक्ता. मुलगे शून्य, कारण हेर्मान चार वर्षांचा. हा बाप असावा, एवढंच म्हणता येतं. पुरावा दुसरीकडे: हेर्मान १८९५ च्या ऑक्टोबरनंतर वारला असेल, तर सरकारी मृत्युनोंदीत त्याच्या आईवडिलांची नावं असतील. तिथे 'वाइस लिपोत' सापडलं, की लेब आणि लिपोत एकच धरून पुढे जाता येईल. आणि आईचं माहेरचं आडनाव कळलं, तर त्या आडनावाचं घर स्ताराच्या किंवा आसपासच्या पानांवर आहे का, हेही बघायचं. जावई सासऱ्याच्या मक्त्यात शिरतो, हे सर्रास दिसतं.

म्हणूनच मी गावातली सगळी ज्यू घरं उतरवून घ्यायला सांगतो. खेड्यात ती थोडीच असतात, अर्ध्या तासाचं काम. आज अनोळखी वाटणारं आडनाव सहा महिन्यांनी पणजीचं माहेर निघू शकतं.

सापडलं नाही तर

मोजणी कर देणाऱ्यांची होती, राहणाऱ्यांची नव्हती. गडी, घरी ठेवलेला शिक्षक, सासऱ्याकडे राहणारा तरुण जावई यांची नावं आलीच नसतील. ते दुसऱ्याच्या ओळीत एक आकडा होऊन बसलेले असतात.

दुसरं कारण शहराचं. 'आम्ही कॉशॉचे' असं घरी सांगतात, पण १८४० च्या कायद्यापूर्वी कॉशॉत ज्यूंना राहताच येत नव्हतं. व्यापाराला दिवसा शहरात, राहायला जवळच्या रोझगोन्यसारख्या गावात. अशा वेळी शहराभोवतीच्या गावांची पानं चाळायची. खाणींच्या शहरांचे दरवाजे तर १८४० नंतरही बंदच राहिले. उलट पश्चिमेला एस्तरहाझी सरदारांच्या आश्रयाला असलेल्या आइझेनश्टाट, मॅटर्सडॉर्फ, लाकेनबाख अशा सात वस्त्या होत्या, तिथे ज्यू समाजाची घडी चांगली बसलेली. तिकडच्या घराण्यांचे कागद तुलनेने अधिक मिळतात.

तिसरं, आडनाव नंतर बदललेलं असू शकतं. १८८१ मध्ये नाव बदलायचं शुल्क ५ फोरिंटवरून ५० क्रायत्सारवर (अर्ध्या फोरिंटवर) आणलं आणि वाइसचे फेहेर, श्वार्त्सचे फेकेते, क्लाइनचे किश झाले. १८२८ च्या वहीत कोवाच नावाचा ज्यू शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. आधी मूळ आडनाव काढा.

एक सावधगिरी. मालमत्तेच्या कागदांच्या शोधात, नाझी जर्मनीने हंगेरी ताब्यात घेतल्यानंतरची, एप्रिल १९४४ मधली मालमत्ता-जाहीरनामे भरायची सक्तीही समोर येते. घर, दुकान, दागिने, विम्याचे कागद, सगळं त्यात ज्यू कुटुंबांकडून लिहवून घेतलं. करासाठी नव्हे, लुबाडण्यासाठी. जिथे हे जाहीरनामे टिकले आहेत तिथे कुटुंबाची माहिती भरपूर असते. पण घरातल्या वडीलधाऱ्यांना असं पान दाखवण्यापूर्वी त्यांना विचारा. काहींना ते बघायचं नसतं.

लिहून ठेवणं आणि पत्र पाठवणं

प्रत्येक पानाबरोबर अभिलेखागार, संग्रहाचं नाव, काउंटी, गाव, फितीचा आणि प्रतिमेचा क्रमांक लिहा. कारकुनाने लिहिलंय तसंच नाव उतरवा, दुरुस्त करू नका. तुमचा अर्थ वेगळ्या रकान्यात. लेबल म्हणजे लिपोत हा तुमचा तर्क आहे, वहीतला मजकूर नव्हे, हे दोन वर्षांनी तुम्हालाच आठवणार नाही.

संकेतस्थळांवर नसलेल्या सहिष्णुता कराच्या याद्यांसाठी संबंधित काउंटीच्या अभिलेखागाराला ईमेल करा: हंगेरीत हंगेरियनमधून, स्लोव्हाकियात स्लोव्हाकमधून. यंत्रानुवाद चालतो, वाक्यं छोटी ठेवा. 'माझ्या घराण्याबद्दल जे असेल ते पाठवा' असं लिहिलंत तर काही मिळणार नाही. 'झेंप्लेन काउंटी, स्तारा गाव, १८०० ते १८४६, ज्यूंच्या कराच्या याद्या आहेत का, असल्यास प्रतीचा खर्च किती' असं विचारा. उत्तराला आठवडे लागतात. तोवर शेजारच्या गावांची १८२८ ची पानं उतरवून घ्या, सासऱ्यांपासून सुरुवात करून.